१९९१ ची शेव्हरोले सी-१५००: हरवलेल्या घोड्यांच्या शोधात

१३ एप्रिल २०२४, शनिवार. ट्रॉय, मिशिगन

ट्रक घरी आला. दोन घरं सोडून राहणाऱ्या आजोबांचा. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मला ते पंधरा वर्षांत जमलेलं नाही. पाँटियाकच्या ट्रक कारखान्यात त्यांची नोकरी झाली आणि हा ट्रकही तिथलाच, चॅसी नंबरातलं अकरावं अक्षर 'ई' आहे. आठवं 'के', म्हणजे ५.७ लिटर व्ही-८, टीबीआय. घड्याळात १,८७,००० मैल. दाराखालचं पत्र्याचं काम मिठाच्या रस्त्यांनी खाल्लंय, पण चॅसीवर हातोडी मारली की आवाज भरीव येतो.

टीबीआय म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कार्बोरेटरच्या जागी तसाच दिसणारा एक ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात ४३ मिलिमीटरची दोन भोकं आणि प्रत्येक भोकावर पेट्रोल फवारणारा एक इंजेक्टर. आठ सिलिंडरना मिळून इंजेक्टर फक्त दोन. नवीन असताना या इंजिनाला २१० अश्वशक्ती होती, ४००० आरपीएमला. आज ५.७ लिटरमधून २१० म्हणजे हसण्यावारी नेतील. पण टॉर्क ३०० पाउंड-फूट होता आणि तो खालच्या आरपीएमलाच मिळायचा. ट्रकला तोच लागतो.

आज मात्र यात २१० नाहीत. हायवेला चढायच्या रॅम्पवर मुलीने फोनच्या जीपीएसवर वेळ धरली. शून्य ते ६० मैल: १२.६ सेकंद, तीन वेळांची सरासरी. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, "बाबा, हा जोरात जातोय की नुसताच ओरडतोय?"

१४ एप्रिल

कोल्हापूरला काकांना फोन. उद्यमनगरात त्यांचं चाळीस वर्षांचं गॅरेज. मी उत्साहाने सांगत होतो: नवीन कॅम, हेडर म्हणजे एक्झॉस्टच्या मोकळ्या नळ्या, चिप. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेका, आधी गेल्यालं परत आण की. मग नवं माग."

यादी फाडली. नवीन यादीत पहिलं काम: मोजणं.

२० एप्रिल

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. सात सिलिंडर १५० ते १५८ पीएसआय, सातव्या नंबरला १४१. नियम असा की सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७० टक्क्यांखाली जाऊ नये आणि १०० च्या खाली तर कुणीच नको. इंजिन ठणठणीत. हे आधी कळलं ते बरं, नाहीतर मेलेल्या माणसाला च्यवनप्राश दिल्यासारखं झालं असतं.

प्लग काढताना सातव्याने अर्धा तास घेतला. स्टिअरिंगचा दांडा नेमका तिथूनच जातो.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. या गाडीत ते नुसतं दिवा लावून बघता येत नाही, कारण कॉम्प्युटर स्वतःच टायमिंग पुढे-मागे करत असतो. आधी काळ्या पट्ट्याची बदामी तार सोडवायची, म्हणजे कॉम्प्युटर हात काढून घेतो, आणि मग बेस टायमिंग शून्य अंशांवर लावायचं. माझं होतं शून्याच्या ५ अंश मागे. कधीतरी कुणीतरी तार न सोडवता डिस्ट्रिब्युटर फिरवून ठेवलाय. कॉम्प्युटर बिचारा आपण २८ अंश देतोय असं समजत होता आणि इंजिनला मिळत होते २३.

एअर क्लीनरच्या सोंडेतली पडदीही अडकलेली निघाली. थंडीत इंजिन तापेपर्यंत एक्झॉस्टजवळची गरम हवा ओढायची, नंतर बाहेरची, असं तिचं काम. ती गरमवरच चिकटून बसली होती, देव जाणे किती उन्हाळे. तिची व्हॅक्यूमची नळी बदलली. खर्च दीड डॉलर.

टायमिंग, प्लग, कॅप-रोटर आणि पडदी झाल्यावर: ११.९.

२७ एप्रिल

वर चढलेल्या आरपीएमला अजूनही कुणीतरी नाक दाबल्यासारखं वाटतं. व्हॅक्यूम गेज लावला. जागेवर १८ इंच, छान. २५०० वर धरून ठेवलं तर काटा आधी चढला आणि मग हळूहळू उतरायला लागला. म्हणजे धूर बाहेर पडत नाहीये.

खात्री करायला ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज बसवला. २००० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत हवं. मिळालं ४. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलेला. आतली जाळी वितळून तिचं ढेकूळ झालंय. लाकडी हातोडीने टकटक केली तर आतून खुळखुळ्यासारखा आवाज.

दोस्त मंडळींचा सल्ला ठरलेला: "कापून टाक, सरळ पाइप घाल, इथे कोण तपासतंय." खरं आहे, मिशिगनमध्ये गाड्यांच्या धुराची तपासणी होत नाही. पण कन्व्हर्टर काढणं फेडरल कायद्याने बंद आहे, आणि ते सोडलं तरी गॅरेज घराला चिकटून आहे आणि वर मुलीची खोली. नवीन, धूर मोकळा जाऊ देणारा कन्व्हर्टर मागवला. नवा असला की तो ताकद खातो हा गैरसमज आहे. खातो तो चोंदलेला.

४ मे

आजचा दिवस तीन बोल्टांचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला खालचा पाइप जिथे मिळतो तिथे दोन्ही बाजूंना तीन-तीन स्टड. तेहतीस हिवाळ्यांचा गंज. आठवडाभर रोज संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर तेल मारत होतो, अर्धं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अर्धं ॲसिटोन. देवाला पाणी घालावं तसं. तरी सहापैकी तीन तुटले.

तुटक्या स्टडवर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंगने भरायचा आणि लालबुंद असताना थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत काढायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते. दोन निघाले. तिसरा तिसऱ्या नटाला निघाला. संध्याकाळी सात वाजता बायको चहा घेऊन आली आणि माझं तोंड बघून काहीही न विचारता परत गेली.

वाय पाइप, नवा कन्व्हर्टर, पुढे तीन इंची एकच नळी आणि सायलेन्सर. मॅनिफोल्ड मूळचेच ठेवले. हेडर घेतले असते तर वरच्या आरपीएमला थोडं मिळालं असतं, पण मिशिगनच्या मिठात पातळ नळ्यांचे हेडर चार हिवाळे काढतील की नाही शंका. शिवाय मूळचा एका तारेचा ऑक्सिजन सेन्सर नुसत्या एक्झॉस्टच्या आचेवर तापतो. लांब हेडर लावून तो खाली सरकवला की सिग्नलला उभं राहिल्यावर गार पडतो, मग आतून तापणारा तीन तारांचा घ्यावा लागतो. पाइपला मात्र एक जादा बूच वेल्ड करून घेतलं, वाइडबँड सेन्सरसाठी. ते पुढे कामाला येईल.

१०.९. एका झटक्यात पूर्ण सेकंद. आवाजही बदललाय, पूर्वी खोकायचा, आता घसा साफ.

११ मे

वाइडबँड लावला. मूळचा ऑक्सिजन सेन्सर फक्त एवढंच सांगतो की पेट्रोल जास्त आहे की कमी. किती, ते सांगत नाही. पूर्ण रेस दाबल्यावर किती ते कळणं गरजेचं. लॅम्डा (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८६ च्या आसपास हवा होता. ३५०० पर्यंत ठीक, आणि त्याच्यावर मिश्रण पातळ, पातळ, अजून पातळ. ४२०० ला ०.९८. मी पाय काढला.

दोन शक्यता: इंजेक्टर संपले किंवा पंप. टीबीआयमध्ये पेट्रोलचा दाब ९ ते १३ पीएसआय एवढाच असतो, आताच्या गाड्यांच्या मानाने फुंकरच. गेज लावायला तयार जागा नाही, नळीत टी बसवावा लागतो. लांब नळीने गेज समोरच्या काचेवर बाहेरून टेपने चिकटवला. पेट्रोलची नळी केबिनच्या आत घ्यायची नाही, कितीही घाई असली तरी. जागेवर ११. रेस दाबून ४००० ला ७.५. पंप दमलाय.

२५ मे

पंप टाकीच्या आत, टाकी हौद्याच्या खाली. दोन रस्ते: टाकी खाली उतरवा किंवा हौदा वर उचला. गंजक्या गाडीत टाकीच्या पट्ट्यांना हात लावण्यापेक्षा हौदा बरा. लाँग वीकेंड होता, मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला: "मिसळ आहे, पण आधी थोडं वजन उचलायचंय." सहाजण आले. पाच सॉफ्टवेअरवाले आणि एक दातांचा डॉक्टर.

पेट्रोल भरायची मान, मागच्या दिव्यांची जोडणी आणि अर्थिंगची तार आधी सोडवली. बोल्टांपैकी दोन ग्राइंडरने कापावे लागले. मग सहाजणांनी हौदा उचलून लॉनवर ठेवला. डॉक्टरांनी "हर हर महादेव" म्हटल्यावर समोरच्या घरातली माणसं बाहेर आली, आणि त्यांच्यातला एक मदतीलाही आला. मिसळ त्यालाही दिली. त्याला तर्री झेपली नाही.

पंपाची पूर्ण दांडी बदलली, कारण तिच्या लोखंडी नळ्यांवर बोट फिरवलं तर पापुद्रे हातात येत होते. एक गोष्ट लक्षात ठेवायची: टाकीच्या आत पंपाला जोडणारी रबरी नळी पेट्रोलमध्ये बुडून राहणारी लागते, ३०-आर-१० मानकाची. बाहेरची इंजेक्शनची नळी बाहेरून पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायला बनवलेली नसते, ती फुगून मऊ पडते. पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने मला तीच बाहेरची दिली होती. नळीवर छापलेलं वाचलं म्हणून वाचलो.

दाब आता वरपर्यंत ११ वर ठाम. १०.६.

८ जून

इंजेक्टरचं गणित. एक इंजेक्टर तासाला साधारण ६१ पाउंड पेट्रोल देतो, दोन मिळून १२२. या जातीच्या इंजिनाला एका अश्वशक्तीला तासाला अर्धा पाउंड लागतो असं धरलं, तर १२२ पाउंडात २४४ घोडे, तेही इंजेक्टर सतत उघडा राहिला तर. ८५ टक्क्यांवर थांबावं म्हटलं तर २०७. म्हणजे कारखान्याने २१० ला जेमतेम पुरतील एवढेच इंजेक्टर दिलेत. वर एक घोडा जरी हवा असेल तरी आधी पेट्रोल.

इंजेक्टर न बदलता दाब वाढवायचा. पेट्रोलचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो: ११ चे १५ केले तर १५ भागिले ११, त्याचं वर्गमूळ १.१७, म्हणजे १७ टक्के जास्त. दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला बाहेरून स्क्रू असलेलं झाकण बसवलं आणि १४.५ वर आणला. गाडी लगेच मिश्रण गडद करून काळा धूर सोडायला लागली, जे अपेक्षितच. दाब वाढवलाय हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलंय?

२२ जून

आज कॉम्प्युटरला सांगितलं.

ग्लव्ह बॉक्सच्या मागे चांदीच्या रंगाचा डबा, त्यात एक चिप. ४ किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारं सुप्रभातचं एक फूल याहून कित्येक पट मोठं असतं, आणि इथे तेवढ्यात अख्खं इंजिन. मूळच्या चिपला काचेची खिडकी आहे, अतिनील प्रकाश दाखवून पुसतात. मी ती जपून ठेवली आणि ॲडॉप्टरवर पुन्हा पुन्हा लिहिता येणारी चिप बसवली. लॅपटॉपवर ट्यूनरप्रो, चिपमधले आकडे बदलायचं सॉफ्टवेअर.

पहिल्यांदा बसवली ती उलटी. किल्ली फिरवली, चेक इंजिनचा दिवा लागला, चिपला बोट लावलं तर चटका. चिप गेली, ॲडॉप्टर वाचला. दुसरी चिप घेताना सॉकेटच्या एका टोकाला मुलीचं गुलाबी नेलपॉलिश लावून ठेवलं.

या गाडीत हवा मोजणारा मीटर नाही. मॅनिफोल्डमधला दाब आणि आरपीएम एवढ्यावरून कॉम्प्युटर तक्त्यात बघतो आणि हवा किती असेल याचा अंदाज बांधतो. तक्ता १९९१ च्या नव्या इंजिनाचा, तोही मूळच्या एक्झॉस्टसकट. आपण काही बदललं की तक्ता चुकतो. चूक किती ते तो स्वतःच लिहून ठेवतो: १२८ म्हणजे बरोबर, त्याच्या वर म्हणजे पेट्रोल वाढवावं लागलं, खाली म्हणजे कमी करावं लागलं. आधी नव्या दाबाप्रमाणे इंजेक्टरचा आकडा बदलला, मग तीन दिवस ऑफिसला ट्रकनेच गेलो आणि रीडिंग साठवली. जिथे १३८ आलं तिथे तक्त्यातल्या आकड्याला १३८ भागिले १२८ ने गुणलं. असं तक्त्याचं एकेक घर करत. कंटाळवाणं आहे, पण स्वेटर विणण्यासारखं समाधान आहे.

गाडी माहिती पाठवते १६० बॉडने, म्हणजे सेकंदाला १६० बिट. एक पूर्ण संच यायला सव्वा सेकंद. म्हणजे पूर्ण रेसच्या चार सेकंदांत जेमतेम तीन फोटो. एकच खेच दहा वेळा करावी तेव्हा कुठे चित्र पूर्ण होतं.

६ जुलै

इग्निशन. वाटलं होतं इथे खजिना असेल. नाही. या इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या लोखंडी डोक्यात, इनटेकच्या वाटेत एक आडवी कड आहे, ती मिश्रणाला भोवऱ्यासारखं फिरवते. फिरणारं मिश्रण भराभर जळतं, त्यामुळे ठिणगी फार आधी टाकायची गरजच पडत नाही. ३००० च्या वर २ अंश वाढवले, फरक पडला. आणखी २ वाढवले, वेळ तीच आणि मिश्रण अवेळी भडकलं की सांगणारा नॉक सेन्सर टिकटिक करायला लागला. परत २ वर. ८७ ऑक्टेनच घालणार, ट्रकला मी भारी पेट्रोल पाजणार नाही.

ईजीआरला, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, हात लावला नाही. पूर्ण रेसवर तो बंदच असतो, काढून मिळणार काय?

१०.०.

२० जुलै

एअर क्लीनरचं झाकण उलटं लावून बघितलं, सगळे लावतात म्हणून. आवाज इतका भारी की बायकोने दुसऱ्या मजल्यावरून विचारलं, काय बसवलंस? वेळ: १०.०. पुन्हा १०.०. मॅनिफोल्डच्या दाबाचे आकडे काढले. इंजिन बंद असताना ९९ किलोपास्कल, म्हणजे बाहेरची हवा. पूर्ण रेसवर ४००० ला ९१. झाकण आणि फिल्टर दोन्ही काढून ९२. म्हणजे ८ किलोपास्कलच्या अडथळ्यात फिल्टर-झाकणाचा वाटा १, बाकीचा थ्रॉटल बॉडीचा. आणि उघड्या झाकणाने बॉनेटखालची गरम हवा आत जाते ते वेगळंच. परत मूळची सोंड लावली. कानाला वाटलेला जोर आणि चाकाला मिळालेला जोर, दोन वेगळी खाती.

इंजेक्टरच्या ठोकळ्याखाली अर्ध्या इंचाची चकती घालून तो वर उचलला, म्हणजे भोकांच्या तोंडावरची गर्दी कमी होते. ९१ चे ९२ झाले. घड्याळाला कळलं नाही. राहू दिली.

खरी अडचण या सेन्सरला दिसत नाही. ती त्याच्या पुढे आहे, हेडमध्ये. तीच भोवऱ्याची कड खाली टॉर्क देते आणि वर गळा दाबते. कारखान्यालाही ते ठाऊक होतं: १९९६ ला याच ५.७ वर नवे व्होर्टेक हेड आणि नवं इंजेक्शन आलं आणि आकडा २५५ वर गेला.

१७ ऑगस्ट

वुडवर्ड ड्रीम क्रूझ, जुन्या गाड्यांची वार्षिक मिरवणूक. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलो. आजोबांनाही नेलं. व्होर्टेक हेडचा विषय काढला. म्हणाले, घे, पण व्हॉल्व्हच्या सीटजवळ तडे बघून घे, ते हेड तिथे चिरतात. शिवाय इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो, बोल्टांची मांडणीच निराळी, मूळच्याला बारा आणि व्होर्टेकला आठ. हेड, मॅनिफोल्ड, मशीनिंग मिळून ट्रकच्या किमतीएवढा खर्च. मग सरबताचा घोट घेत त्यांनी विचारलं, "मागे एक्सल कुठला आहे, बघितलास का?"

नव्हता बघितला. चार महिने इंजिनावर वाकलेलो, मागे वळूनच पाहिलं नव्हतं.

घरी येऊन ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाचा स्टिकर वाचला. तीन-तीन अक्षरी कोडांची रांग, त्यात 'जीयू४'. म्हणजे ३.०८: चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा ३.०८ वेळा फिरतो. हायवेला पेट्रोल वाचवायचा एक्सल. 'जीटी४' असता तर ३.७३. भागाकार केला: २१ टक्के. इंजिनातून एक घोडाही जास्त न काढता चाकाला प्रत्येक गिअरमध्ये २१ टक्के जास्त जोर. हेड बदलून असं काही खालच्या आरपीएमला मिळणारच नव्हतं.

२८ सप्टेंबर

गणपतीत काही काम झालं नाही, आणि व्हायलाही नको.

भंगारात तीन शनिवार गेले. ३.७३ चे एक्सल बरेच, पण बहुतेक फोर व्हील ड्राइव्हचे. त्यांना चाकाला सहा बोल्ट, माझ्या टू व्हील ड्राइव्हला पाच. आज एक मिळाला. क्राऊन-पिनियन हे आतले दाते तेवढे काढून माझ्या जुन्या एक्सलच्या घरात बसवता आले असते, पण त्यांची दातांमधली फट हजाराव्या भाग इंचात लावायची असते. ते काम ज्याचा हात बसलाय त्याचं. आख्खा एक्सलच उचलला. झाकण काढून पाहिलं, तेल काळं पण चमकी नाही, दात अभंग.

१२ ऑक्टोबर, दसरा

गेल्या रविवारी एक्सल चढवला. यू बोल्ट कापले, नवे घातले, पाट्यांना काही झालं नव्हतं. ब्रेकच्या लोखंडी नळ्या दोन्ही नव्या. जुन्या वाकवायलाही धजावलो नाही.

स्पीडोमीटर आता ६० ला ७३ दाखवतो, कारण वेग गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावर मोजला जातो आणि ते टोक आता जास्त फिरतं. त्याचा छोटा डबा वेगळा आहे, त्यातले जोड बदलायचे राहिलेत. तोवर फोन.

आज सकाळी पाने, टॉर्क रेंच, टायमिंगचा दिवा, लॅपटॉप आणि नेलपॉलिशची बाटली एका चादरीवर मांडून पूजा केली. झेंडू इंडियन स्टोअरचा, आपट्याची पानं कुठून आणणार, मुलीने कागदाची कापली. ट्रकच्या जाळीला माळ घातली आणि माळेसकट त्याच रॅम्पवर गेलो. ९.१. दुसऱ्या गिअरमध्ये ६० जेमतेम पार होतं, आणखी थोडं दामटलं की तो तिसरा टाकतो.

हायवेला आरपीएम वाढलेत, एव्हरेज गॅलनला दीड मैलाने उतरणार असं दिसतंय. काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "माळ भारी हाय. ब्रेक बघितलास का?"

पुढच्या शनिवारी मागचे ड्रम उघडतो.